यजमानांचं खरं वय

"तुमच्यात काहीच दोष नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मला हसू फुटलं. दवाखान्यात, तेही अशा वेळी, हसू नये हे कळत होतं, पण आवरेना. सासर, माहेर आणि पेठेतल्या बायका इतकी वर्षं जे माझ्या माथी मारत आल्या होत्या, ते बाईंनी एका वाक्यात खाली उतरवलं होतं.

बाईंनी माझं हसू संपू दिलं. मग समोरचा कागद यजमानांकडे वळवला. "दोष तुमच्या बाजूचा आहे. आपण केली ती सीमेन अ‍ॅनालिसिस, म्हणजे पुरुषाच्या बीजाची तपासणी. तुमचं बीज संख्येनं कमी आहे. ते एक वेळ चाललं असतं. पण मोटिलिटी, म्हणजे त्याची हालचाल, फार मंद आहे. जिथे पोचायचं तिथे ते पोचतच नाही. वय किती म्हणालात?"

"सत्तेचाळीस," यजमान म्हणाले.

बाईंनी त्यांच्या काळ्याभोर केसांकडे पाहिलं. मग उठून जवळ आल्या, त्यांची पापणी वर केली आणि बुबुळाभोवती उतारवयात दिसतं ते पांढरट कडं निरखून पाहिलं. परत खुर्चीत बसत म्हणाल्या, "खरं वय सांगा. हे लग्न नाही, दवाखाना आहे."

यजमानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणाले, "चौपन्न."

आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. नवऱ्याचं वय मला दवाखान्यात कळलं.

हे सगळं मी कशाला लिहिते आहे, असं घरचे विचारतील. मी ज्या बाकावर बसले त्याच बाकावर आज दुसरी कुणीतरी पदर घट्ट धरून बसलेली असेल, तिच्यासाठी लिहिते. आणि तिच्या शेजारची जागा रिकामी ठेवून दवाखान्याबाहेर विडी ओढत उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्यासाठीही लिहिते. त्यानं वाचलं तर बरंच आहे.

माझं माहेर अक्कलकोट. वडील प्राथमिक शिक्षक, आम्ही पाच बहिणी आणि मी थोरली. एकविसाव्या वर्षी सोलापूरचं स्थळ आलं. बाळीवेशीत स्वतःचं घर, मंगळवार पेठेत भुसाराचं दुकान, आमच्याच लिंगायत समाजातले. पहिली बायको वारलेली, एक मुलगी होती ती गुलबर्ग्याला दिलेली. हुंडा नको, लग्नाचा खर्चही तेच करणार. वय एकोणचाळीस सांगितलं. ती मुलगी माझ्याहून चार-पाच महिन्यांनी मोठी होती. मग बाप एकोणचाळिशीचा कसा, हे मी विचारलं नाही असं नाही. विचारलं. "पूर्वी लवकर लग्नं व्हायची," असं उत्तर मिळालं आणि माझं तोंड बंद झालं.

त्या मुलीनंच पुढे माझा घात केला. बिचारीचा काही दोष नव्हता. तिच्या असण्याचा पुरावा झाला, एवढंच. तीन-चार वर्षं झाली तरी पाळी चुकेना तेव्हा यजमान एकदाच बोलले, "मला मुलगी हाय की. माझं काय तपासायचं?" त्या वेळच्या डॉक्टरांनाही ते पटलं. ज्याला एकदा मूल झालं तो पास, त्याची पुन्हा परीक्षा नाही. मी मात्र दर वर्षी परीक्षेला.

आधी डी अँड सी झालं. गर्भाशयाचं अस्तर खरवडून तपासायला पाठवतात, त्याला आपल्याकडे बायका पिशवी धुणं म्हणतात. नाव असं की जणू काही तिथे मळच साचलेला असतो. माझी पिशवी दोनदा धुतली. मग हिस्टेरोसाल्पिंगोग्राम, म्हणजे गर्भाशयात औषध सोडून नळ्यांचा एक्स-रे काढतात. नळ्या मोकळ्या आहेत की बंद, ते त्यात दिसतं. भूल दिली नव्हती. औषध आत शिरताना पोटात कुणी पिळा घालावा तशी कळ आली, मी टेबलाची लोखंडी कड धरून ओरडले. नर्स म्हणाली, "एवढ्यात ओरडतेस, बाळंतपणात काय करशील?" मला तेव्हा तिचा राग आला नाही. बाळंतपण होणार असं ती गृहीत धरत होती, त्याचंच बरं वाटलं.

मग आला बेसल टेंपरेचर चार्ट. सकाळी उठण्याआधी, अंथरुणातच, थर्मामीटर तोंडात धरायचा आणि ताप लिहून ठेवायचा. महिन्यात ज्या दिवशी तो किंचित चढतो त्याच्या आसपास बीज सुटतं असं समजायचं. मी रोज सकाळी थर्मामीटर चोखत पडलेली बघून सासूबाईंना वाटलं, हिला जुनाट ताप आहे. त्यांनी मला गुळवेलीचा काढा सुरू केला. तो मी मुकाट्यानं प्यायले, कारण खरं कारण सांगितलं असतं तर त्याहून कडू काहीतरी ऐकावं लागलं असतं.

सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणायचो. घरात त्या कानडीच बोलायच्या. मराठी यायची ती माझ्यावर रागावण्यापुरती. पण मला त्या ज्या नावानं ओळखायच्या ते कानडीतच होतं. बंजी. म्हणजे वांझ. शेजारणीला सांगताना "आमची बंजी" असं अगदी सहज म्हणायच्या, आमची धाकटी म्हणावं तसं.

एक दिवस दुपारी मला जवळ बसवून अव्वांनी विषय काढला. माझी तिसरी बहीण गंगा तेव्हा लग्नाची होती.

"तुजी गंगव्वा आणू या," त्या म्हणाल्या. "परकी आणली तर तू रडशील. बहीण आणली तर दोघी मिळून राहशाल. तुज्या मांडीवर पोर दील ती."

मी म्हटलं, "अव्वा, एक बायको असताना दुसरी कायद्यानं करता येत नाही."

"कायदा बाळीवेशीत कुटं राहतो?" अव्वा म्हणाल्या.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात मूल दुसऱ्या नंबरावर गेलं. पहिल्या नंबरावर गंगा आली. ती मॅट्रिक झाली होती, टायपिंग शिकत होती, आरशासमोर उभी राहून बातम्या वाचायची नक्कल करायची. तिला ह्या घरात, ह्या माणसाच्या खोलीत आणणं मला जिवंतपणी बघायचं नव्हतं. एवढं एक माझ्या हातून झालं तरी पुष्कळ, असं मी स्वतःला सांगितलं.

त्याच सुमारास एक नव्या डॉक्टरीणबाई गावात आल्या. मी त्यांच्याकडे सगळे जुने कागद घेऊन गेले. त्यांनी ते चाळले आणि एकच प्रश्न विचारला, "यजमानांचा रिपोर्ट कुठे आहे?" मी म्हटलं, त्यांना मुलगी आहे. बाई म्हणाल्या, "तो अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांपूर्वीचा रिपोर्ट झाला. आजचा आणा. ते आल्याशिवाय तुम्ही येऊ नका. तुमच्या अंगाला मी आता हात लावणार नाही."

यजमान यायला तयार नव्हते. एक तर लाज. आणि दुसरं, ते आणीबाणीचे दिवस होते. जिकडे तिकडे नसबंदीची शिबिरं. पेठेतल्या हमालांत बातम्या उठायच्या, अमक्याला धरून नेला, तमक्याला ट्रांझिस्टर देतो म्हणून नेला. एक पोर असलेला पुरुष स्वतःच्या पायानं दवाखान्यात शिरला तर त्याला सोडतील काय, अशी त्यांना खरीखुरी धास्ती होती. मूल व्हावं म्हणून जायचं आणि कापून घेऊन यायचं! मला हसावं की रडावं कळेना. मी समजावलं की हा खाजगी दवाखाना आहे, डॉक्टर बाई आहेत, तिथे तसलं काही होत नाही. तरी हलेनात.

शेवटी मी गंगेचंच नाव काढलं. "अव्वा म्हणतात तसं गंगेला आणा," मी म्हटलं. "पण तिलाही नाही झालं, तर लोक कुणाला नाव ठेवतील? दोन बायका काय दोन्ही वांझ असतात?" पुढच्या आठवड्यात कानाला मफलर गुंडाळून, भर उन्हाळ्यात, ते माझ्याबरोबर टांग्यात बसले.

त्या तपासणीचा निकाल म्हणजे मी सुरुवातीला सांगितला तो.

त्या दिवशी बाई पुढे बरंच बोलल्या. "बाईचं वय सगळे मोजतात. पुरुषाचं बीज मरेपर्यंत तसंच राहतं असा समज आहे. ते खरं नाही. मुलगी झाली तेव्हा तुम्ही पंचविशीत होतात. तेव्हाचा दाखला आज चालत नाही. बीज मंदावतं. गर्भ राहायला वेळ लागतो, आणि राहिला तरी टिकेलच असं नाही. ह्यावर मी छातीठोक काही सांगू शकत नाही, कारण ह्याबद्दल फार कुणी विचारलेलंच नाही. माझ्या टेबलासमोर जी जोडपी बसतात त्यांच्यावरून सांगते."

यजमानांनी फक्त एवढंच विचारलं, "औषध हाय का?"

"वयावर नाही," बाई म्हणाल्या.

जिना उतरताना मधल्या पायरीवर यजमान थांबले. गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणाले, "हितलं घरात बोलायचं न्हाय. माज्या लिंगाची शपथ हाय तुला." मी हो म्हटलं. त्यांचं वय पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आठ वर्षांचं खोटं एका मिनिटात उघडं पडलेल्या माणसाशी काय भांडायचं? पण संताप झाला होता, तो लपवत नाही. टांग्यात मी त्यांच्याकडे पाठ करून बसले, आणि पुढे कामापुरतं सोडून त्यांच्याशी बोलणं टाकलं.

बाईंनी मार्ग सांगितला होता तो आर्टिफिशियल इन्सेमिनेशनचा. म्हणजे नवऱ्याचंच बीज दवाखान्यात ताजं घेऊन, बीज सुटण्याच्या दिवशी, एका नळीनं गर्भाशयाच्या तोंडाशी ठेवायचं. मंद बीजाची तेवढी वाट वाचते. त्याआधी पुन्हा एक तपासणी करायची होती. बाई यजमानांना म्हणाल्या, "तपासणीआधी तीन दिवस संयम पाळा."

बाईंनी वापरला तो शब्द सभ्य होता. पण तो आमच्या घरात शिरला आणि त्याचं व्रत झालं. संयम म्हटल्यावर यजमानांना मठातल्या स्वामींची प्रवचनं आठवली असणार. ते दुकानातच निजायला लागले, ज्वारीच्या पोत्यांवर सतरंजी टाकून. एक वेळ जेवण, कांदा-लसूण बंद, चहा बंद. घरी यायचे ते आंघोळीला आणि पूजेला. अव्वांना वाटलं, मुलगा माझ्यावर रुसला. त्या भलत्याच खुशीत होत्या. मला वाटलं, लाजेनं दूर राहतात. म्हणून मीही काही बोलले नाही. असा पुरता श्रावण गेला, भाद्रपदही गेला.

दुसरा रिपोर्ट आला तो पहिल्याहून वाईट. हालचाल जवळजवळ नाहीच. बाई गोंधळल्या. "संयम किती दिवस पाळला होता?"

यजमान ताठ बसले. "श्रावण लागल्यापासनं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

"मी तीन दिवस म्हणाले होते!"

"तीन दिसांनी गुण येतो तर दोन महिन्यांनी लई येईल म्हनलं. साठा वाढंल की."

बाईंनी कपाळाला हात लावला. पण त्या हसल्या नाहीत, ह्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. सावकाश म्हणाल्या, "तुमचं दुकान भुसाराचं आहे. हे दुकान भाजीचं आहे. इथे साठा करून चालत नाही, माल पडून सडतो. वय झालेल्या माणसानं तर मुळीच साठवू नये."

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिलं. डॉक्टर सभ्य शब्द वापरतात आणि आपण सभ्यपणे मान डोलावतो, आणि मधल्या मध्ये महिने जातात. न कळलेला शब्द पुन्हा विचारा. लाज वाटली तरी विचारा.

त्यानंतर दर महिन्याला टेंपरेचर चार्ट बघून दवाखान्यात जायचं. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक लहानशी खोली होती. यजमान काचेची बाटली घेऊन त्या खोलीत जायचे आणि बाहेर येताना भिंतीकडे तोंड करून यायचे. चौपन्न वर्षांचा, पेठेत ज्याच्या शब्दावर पोती उतरायची असा माणूस. मी टेबलावर पाय वर घेऊन पडायची. बाई नळी घालायच्या आणि म्हणायच्या, "आता अर्धा तास तशाच पडून राहा." छताला एक पंखा होता, त्याचं एक पातं वाकलेलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहायची आणि मनात गंगेचं नाव घ्यायची. देवाचं घेऊन झालं होतं.

चार-पाच वेळा काही झालं नाही. मग एक दिवस बाईंनी यजमानांना बाहेर न पाठवताच सांगितलं की आणखी एक उपाय असतो, दुसऱ्या पुरुषाचं बीज, नाव कुणाला कळत नाही. यजमान उठले आणि चपला न घालता बाहेर गेले. त्यांचं उत्तर त्यातच आलं. माझं उत्तर मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

पुढच्या थंडीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला, माझी पाळी चुकली. बाईंनी लघवीची तपासणी करून घेतली आणि मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. दिवस गेले होते. घरी आले तेव्हा यजमान ओट्यावर उभे होते. मी मान हलवली. ते आत गेले आणि देवघरासमोर किती तरी वेळ नुसते बसून राहिले. अव्वांनी माझी दृष्ट काढली. त्या दिवसापासून मी बंजीची सुमित्रा झाले. आठ-नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

तिसऱ्या महिन्यात, एका दुपारी, शेंगा फोडत बसले असताना कंबरेत कळ आली. उठले तर पातळ भिजलेलं. टांगा येईपर्यंत अव्वा "सिद्धरामा, सिद्धरामा" करत होत्या आणि मी भिंतीला धरून उभी होते. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पिशवी पुन्हा धुवावी लागली, तिसऱ्यांदा. शुद्धीवर आले तेव्हा आया म्हणाली, "एवढ्यात मुलगा का मुलगी कळत न्हाय, अक्का." मी विचारलं नव्हतं.

बाई पलंगाशी येऊन बसल्या. "तुम्ही काही चुकीचं केलं नाही. वजन उचललं नाही, पडला नाहीत, खाण्यात काही आलं नाही. बीज जुनं असलं की कधी कधी गर्भाची घडणच कच्ची होते आणि शरीर तो ठेवत नाही. पुन्हा प्रयत्न करता येईल. पण पुन्हा असंच होणार नाही, असं मी तुम्हाला सांगणार नाही."

खोटी आशा न देणारी ती एकच व्यक्ती मला त्या सगळ्या वर्षांत भेटली. तेव्हा मात्र मला तिचा भयंकर राग आला. मी भिंतीकडे तोंड फिरवून घेतलं आणि रडले.

घरी आणल्यावर चार दिवसही गेले नसतील. मी आतल्या खोलीत पडून होते, रक्त अजून थांबलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत वडिलांचा आवाज ऐकू आला. मला बघायला आले असतील म्हणून बरं वाटलं. मग गंगेचाही आवाज आला. मग अव्वांचा. अव्वांनीच दोघांना बोलावून घेतलं होतं.

दार उघडं होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

"हिच्या पोटात टिकत न्हाय," अव्वा म्हणाल्या. "दिवस गेले ते पण गेले. आता उशीर नको. गंगव्वा आली की दोघी मिळून राहतील."

वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "घरातलं घरात राहील म्हणा." ते असं म्हणाले. माझे वडील. पोरांना बाराखडी शिकवणारे. मला उठून बाहेर जायचं होतं, पण शपथ आड येत होती. सगळं सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. शपथ मोडली तर काय होईल? जे व्हायचं ते पोटातून वाहून गेलंच होतं. मी भिंतीला धरून दारापर्यंत गेले.

यजमान खाटेवर बसले होते. गंगा दाराशी उभी, नखं कुरतडत. मी तोंड उघडायच्या आधी यजमान उठले.

"अव्वा, तप्पु नंदू. अकीदल्ल," ते म्हणाले. आई, चूक माझी आहे, तिची नाही. मग वडिलांकडे वळले आणि मराठीत बोलले. "मामा, माजं वय तुमाला खोटं सांगिटलं हुतं. मी पंचावन्न पुरा करून छप्पन्नात हाय. तुमच्यापेक्षा मोटा हाय. डॉक्टर म्हनत्यात, माजं बीज जुनं झालंय. हिच्यात काय बी दोष न्हाय. गंगेला आणली तरी तेच हुईल. तिला न्या हितनं."

लग्नापासून दर वेळी जे वाकून वडिलांच्या पाया पडायचे ते हे जावई. ते वडिलांपेक्षा तीन वर्षांनी मोठे होते.

अव्वा उठून स्वयंपाकघरात गेल्या. गंगा माझ्याकडे धावली आणि मला धरून तिनं पलंगावर नेलं. मी तिचा हात सोडला नाही. माझं मूल गेलं होतं, आणि तरीही त्या क्षणी मला आनंद झाला. तो झाला हे सांगायला मला आज लाज वाटत नाही.

निघताना वडील माझ्या पलंगाशी आले. टोपी हातात धरून उभे राहिले. म्हणाले, "सुमे, वय मला माहीत हुतं."

मी उशीवरून मान उचलली.

"सोयरिकीच्या वेळीच कुणीतरी सांगितलं होतं. पण तुझ्या पाठीमागं चौघी होत्या. आणि पुरुषाला वय नसतं असंच आम्ही समजत आलो. त्यापायी तुला असं सोसावं लागंल हे डोक्यात आलं न्हाय की गं."

मी पांघरूण डोक्यावर ओढलं.

त्या दिवसानंतर अव्वांनी मला बंजी म्हणणं सोडलं. पण मुलाला कधी काही म्हटलं नाही. त्याला म्हणायला तसा शब्द त्यांच्या कानडीत नव्हता, आणि माझ्या मराठीतही नाही.

आम्ही पुन्हा उपचार घेतले नाहीत. मला मूल झालं नाही. बाईंनी पुढे एकदा विचारलं, पश्चात्ताप होतो का? मी म्हटलं, आधीची चार वर्षं माझ्यावर जे केलं त्याचा होतो. आधी एक काचेची बाटली तपासली असती तर त्यातलं काही करावंच लागलं नसतं. मग वय कमी असताना, निदान काही वर्षं आधी, प्रयत्न झाले असते. कदाचित टिकलं असतं. कदाचित नसतं. पण मला त्या टेबलाची लोखंडी कड धरून ओरडावं लागलं नसतं.

म्हणून सांगते. पहिल्या दिवशी दोघं जा. त्याला आधीचं मूल असलं तरी जा. वय खरं सांगा, दोघांचंही. आणि डॉक्टर पुरुषाला न तपासता तुमच्या पोटाला हात लावायला निघाले तर उठून या. मला हे सांगणारं कुणी नव्हतं. मला सांगणारी मिळाली ती त्या डॉक्टरीणबाई, आणि त्यांचे उपकार ह्या जन्मी फिटायचे नाहीत.

यजमानांबद्दलही लोक विचारतात. आठ वर्षं त्यांनी मला फसवलं, ते मी विसरले नाही. पण भर घरात, आईसमोर आणि सासऱ्यासमोर, "दोष माझा" म्हणणारा दुसरा पुरुष मी अजून पाहिलेला नाही. राग आणि माया दोन्ही एकाच माणसाबद्दल असू शकते, हे मला त्यांनी शिकवलं. मी त्यांच्याशी पुन्हा बोलू लागले.

पुढच्या वर्षी गंगेला बघायला पाहुणे आले, अक्कलकोटला. मुलगा कचेरीत कारकून होता. त्याच्याबरोबर त्याचा मामा आला होता, तो पोहे खाता खाता सगळी माहिती देत होता. पगार, शेती, घर. मी विचारलं, मुलाचं वय किती?

"अठ्ठावीस असंल की," मामा म्हणाला.

"असंल म्हणजे? शाळेचा दाखला दाखवा," मी म्हटलं.

वडिलांनी मान खाली घातली. मामा मोठ्यानं हसला आणि पुरुषांच्या बाजूला बघत म्हणाला, "अक्का, वय पोरीचं बगत्यात. बाप्याचं वय कोन बगतंय?"

सतरंजीच्या कडेला इतका वेळ गप्प बसलेले आमचे यजमान म्हणाले, "आमी बगतो."